मनोहरकाकांचे पन्नास सेकंद

मनोहरकाका माझ्या क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, नातीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले असतील. पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि काखेत कुठल्याशा बियाण्याच्या जाहिरातीची फुकटात मिळालेली वही. वहीवर भलंमोठं वांगं छापलेलं होतं. पिपरी मेघेतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडून मी क्लास चालवायची, ती दोन हजार सालची गोष्ट. कॉलेजची पोरंपोरी सोडून त्या दारात दुसरं कुणी चप्पल काढत नसे. काका चप्पल काढून आत आले, रिकाम्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्याडम, मले कॉम्प्युटर नाई शिकाचा."

"मग काय शिकायचंय?"

"तो चालू व्हायच्या पयले काया पडद्यावर जे येते ना, तेवढंच शिकाचं हाय."

मागच्या दोन मुली फिसकन हसल्या. काकांनी वळून पाहिलं आणि तेही थोडं हसले, जणू विनोद त्यांनीच केला होता. मग वांग्याची वही उघडून, पेनाचं टोपण दातात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. आता हा माणूस काही उठत नाही हे माझ्या लक्षात आलं.

त्यांच्या घरी एक कॉम्प्युटर होता. मुलगी शुभदा इंजिनिअरिंगला होती तेव्हा तिच्यासाठी घेतलेला. तिनं त्यावर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून ठेवलं होतं, म्हणजे एकाच पेटीत दोन बिऱ्हाडं. पेटी सुरू केली की आधी लिलो नावाचा एक छोटासा प्रोग्राम जागा होतो आणि कोणत्या बिऱ्हाडाकडे जायचं ते विचारतो. शुभदानं तिच्या बिऱ्हाडाला नाव दिलं होतं 'शुभा' आणि विंडोजला 'डॉस'. लिलो पाच सेकंद वाट बघायचा. तेवढ्यात कुणी काही टाइप केलं नाही तर आपसूक शुभाकडे जायचा. काकांचं सगळं काम विंडोजमध्ये. म्हणजे रोज सकाळी त्यांना पाच सेकंदांच्या आत डी, ओ, एस ही तीन अक्षरं टाइप करायला सुरुवात करावी लागे. नाही जमलं तर पडदा शुभाच्या दारात जाऊन उभा राही, तिथे पासवर्ड मागे, आणि पासवर्ड फक्त शुभदाला माहीत. मग तीन बटणं एकदम दाबून पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "काका, एवढंच ना? उलटं करून देते. आपोआप विंडोज येईल. लिनक्स हवं असेल तेव्हा नाव टाकायचं."

"नाई नाई," काका घाईनं म्हणाले. "पयले तिचं. माह्यं मी निवडतो."

वर्ध्याच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळचं. मी पुढे अनेकदा तिथे गेले. भाजीवाले शेतकरी यायचे, भेंडी, चवळी, पालकाचं बी न्यायचे. काका प्रत्येकाच्या हातात बियाबरोबर एक छापलेला कागद ठेवायचे: कधी टोचायचं, किती अंतरावर, पहिलं पाणी कधी. या कागदांसाठीच त्यांना कॉम्प्युटर लागायचा. "काकाजी, कागद द्या" म्हणून लोक बी न घेताही येत, आणि काका देत. दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम शिरली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी कोन आलतं?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढ्यातल्या तराजूला हात लागायचा नाही. एकदा दोन सख्खे भाऊ एकाच स्कूटरवरून आले. काकांनी त्यांनाही विचारलं. पुढे बसलेला आधी, असा निकाल लागला.

क्लासातही तेच. चहा आला की कप हातात धरून काका बघायचे, कुणाला मिळाला नाही. माझ्या पोरींनी त्यांची नक्कल करायला सुरुवात केली होती. "आधी कोन?" म्हणत त्या एकमेकींच्या हातातला माउस ओढायच्या. काकांना ते कळायचं आणि आवडायचंही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की आदल्या वर्षी माझे यजमान गेले होते. भेटेल तो माणूस मान एका बाजूला कलती करून "कसं चाललंय?" विचारायचा. ठीक चाललंय म्हणायचे. खरं सांगायचं तर चालतही नव्हतं आणि थांबतही नव्हतं. मला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, फक्त क्लासची वेळ कळायची. मनोहरकाकांनी मला तो प्रश्न एकदाही विचारला नाही. ते यायचे, वांग्याची वही उघडायचे आणि म्हणायचे, "म्याडम, काल कुठवर आलतो?" मला ते बरं वाटायचं. त्या काळात बरं वाटणाऱ्या गोष्टी बोटावर मोजण्याएवढ्या होत्या.

एके दिवशी मी कॉलेजच्या मुलांना शिकवत होते, लिनक्सचा पासवर्ड विसरला तर काय करायचं. सोपं असतं ते. सुरुवातीला नाव विचारलं जातं तिथे नावापुढे 'सिंगल' हा शब्द जोडायचा. मग पासवर्ड न विचारताच सगळं उघडतं, मालक असल्यासारखं. काका मागच्या बाकावर होते. वर्ग सुटल्यावर ते जागेवरच बसून राहिले.

"म्हंजे कोनी बी उघडू शकते?"

"हो काका."

"पासवर्ड नसला तरी?"

"माणूस कॉम्प्युटरच्या समोर बसलेला असला म्हणजे झालं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि हातातच ठेवला. "मी त रोज समोर बसतो," ते म्हणाले.

आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी शुभदाचं सांगितलं. सांगताना आवाज असा होता की कुणाला पालकाच्या लागवडीचं अंतर सांगत असावेत.

"पोस्टमन चिठ्ठ्या दुकानात देऊन जाये. तिच्या नावाचं पाकीट होतं. मी खोललं."

"काऊन?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडी त्यांचेच शब्द यायला लागले होते.

"बाप हावो म्हनून. दुसरं कारन नाई. पुन्याच्या एका पोराचं होतं. इथं जागा निघाल्या हायत, अर्ज कर, असं लिव्हलं होतं. शेवटी, तब्येत सांभाळ. बस. त्यात वाईट काईच नोयतं म्याडम. मी वाचलं, वापस घडी घातली आन् दुकानातल्या खळीनं चिपकवून देल्लं."

दुकानातली खळ म्हणजे बियांच्या पुड्या चिकटवायची कणकेची खळ. तिला किडे लागू नयेत म्हणून काकांच्या वडिलांपासून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची पद्धत होती. त्यामुळे ती वाळली की कडेला हिरवट रेघ दिसे. लहानपणी शाळेतून आल्यावर ही खळ शुभदाच शिजवायची.

"जेवताना तिनं पाकीट ताटापाशी ठेवलं. म्हने, बाबा, तुम्ही उघडलं का? मी म्हटलं, नाई. तिनं तीन डाव विचारलं. मी तीन डाव नाई म्हटलं. काठाले हिरवी रेघ दिसून राह्यली होती. तिनं बी पाह्यली, मी बी पाह्यली."

महिन्याभरात शुभदा पुण्याला त्याच नोकरीवर गेली. आईला फोन करायची, पण काका दुकानात असतील त्या वेळी. वर्षातून एकदा यायची ती हिंगणघाटला मामाकडे, आणि काकू तिला तिथे जाऊन भेटायच्या. काकांशी बोलणं बंद.

मी म्हटलं, "काका, एक फोन करा. चूक झाली म्हणा."

"म्हटलं असतं. पन ती पयले तेच विचारनार, उघडलं होतं का. मंग हो म्हना लागते." मग म्हणाले, "दिवस जसे चालले ना, तसा तो हो जड होऊन राह्यला."

वांग्याची वही मिटण्याआधी त्यांनी मला एक पान दाखवलं. मी फळ्यावर लिहिलेलं त्यांनी उतरवून घेतलं होतं, फक्त नाव त्यांच्या घरचं घातलं होतं: शुभा सिंगल. त्याभोवती पट्टीनं चौकोन आखला होता आणि खाली लिहिलं होतं, 'हे नाई कराचं.'

तर त्या माणसाला एवढंच हवं होतं. मुलगी परत येईल तेव्हा तिचं बिऱ्हाड जसंच्या तसं असावं, आणि आत कुणी गेलं नव्हतं हे तिला खरं वाटावं. येईल की नाही याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्या पेटीची काळजी मात्र अशी घ्यायचे की काकू वैतागायच्या. लोडशेडिंगमध्ये ती अचानक बंद पडू नये म्हणून बॅटरीवाला यूपीएस आणला. घरात पंखा बंद, दिवा बंद, आणि ती पेटी तेवढी सुरू. "आम्ही घामानं मरून राह्यलो आन् याइची पेटी हवेशीर!" काकू म्हणायच्या. आतलं घड्याळ चालवणारा छोटा सेल असतो, तो संपला की तारीख चुकते. काका दर दोन वर्षांनी मला बोलावून तो बदलून घ्यायचे आणि चार-चारदा विचारायचे, "तारीख बरोबर हाय ना म्याडम?" बियाण्याच्या धंद्यातला माणूस, तारखांचा पक्का असणारच, असं मी समजत होते.

दोन हजार दोनमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय ओढत का होईना चालायला लागले, पण उजवा हात काही पहिल्यासारखा झाला नाही. काकू गिरडला टेकडीवरच्या दर्ग्यात चादर चढवून आल्या. "ते गिरडले गेली, मी फिजिओले," काका म्हणायचे, "पाहू आधी कोनाचा नंबर लागते." हात दोघांचंही ऐकत नव्हता. पेटी टेबलाखाली. खाली वाकून बटण दाबायचं, मग खुर्चीचा दांडा धरून वर यायचं, मग चष्मा, मग तो हात उचलून कीबोर्डवर ठेवायचा. तोवर पाच सेकंद कधीच संपलेले असायचे आणि पडदा शुभाच्या दारात उभा. डाव्या हातानं तीन बटणं दाबायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी समोर असताना ओळीनं चार वेळा झालं. पाचव्यांदा जमलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, वेळ वाढवून देते. पाचाचे वीस करू."

"करा ना. कुठून कराचं?"

इथे खरी अडचण होती. वेळेचा आकडा ज्या फायलीत लिहिलेला, ती फाइल शुभाच्या बिऱ्हाडात. पासवर्ड नाही, म्हणजे सिंगलचा मार्ग. मी ते सांगितलं. "फक्त एक आकडा बदलायचा काका. दुसरं काही बघणार नाही. मी करते, तुम्ही बाहेर बसा."

"पाकीट बी एकदाच खोललं होतं," काका म्हणाले. विषय संपला. पुढचं वर्षभर त्या हातानं पाच सेकंदांशी रोज झटापट केली. काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन शुभदाचा नंबर लिहिलेला कागद दिला. "तुम्ही बोलून पाहा म्याडम, तुमचं ऐकन." मी तो टेबलाच्या खणात ठेवला. उद्या करू म्हटलं. करायचा नाही असं ठरवलं नव्हतं. फक्त केला नाही. त्या वर्षांत मी अशी पुष्कळ कामं केली नाहीत.

मग एक दिवस व्हायरस शिरला. मी गावाला गेले होते. बाजारातल्या एका मेकॅनिकनं येऊन विंडोज नव्यानं टाकून दिलं. काम चोख केलं त्यानं, पण नवं विंडोज बसताना सुरुवातीच्या जागेवर स्वतःच बसतं आणि तिथल्या लिलोला उठवतं. पेटी सुरू केली की कुणाला काही न विचारता थेट विंडोज.

मी परतले त्या सकाळी काका माझ्या पायरीवर बसलेले होते. काठी आडवी मांडीवर.

"शुभा दिसत नाई," ते म्हणाले.

मी समजावलं. ती आहे, तिचं सगळं आहे, फक्त दारातला माणूस गेलाय. काका ऐकत होते की नव्हते कोण जाणे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. असा चेहरा मी ओळखत होते, आरशात पाहिलेला होता. मी चहासुद्धा न घेता त्यांच्याबरोबर निघाले. चालताना त्यांनी एकच विचारलं, "आत जा लागन का?"

नाही, लागणार नव्हतं. वाटेत मी त्याचाच विचार केला होता असं म्हटलं तर खोटं ठरेल, तो रस्ता मला तिथे बसल्यावर सुचला. लिलोऐवजी ग्रब नावाचा दुसरा प्रोग्राम आला होता. तो फ्लॉपीवरून बसवता येतो आणि त्याची यादी विंडोजच्या भागातही ठेवता येते. म्हणजे यादी काकांच्या बिऱ्हाडात, साध्या नोटपॅडमध्ये उघडणारी. शुभाच्या भागात जायचंच नाही, तिचं दार कुठं आहे एवढं यादीत लिहायचं. दाराच्या फायलीचं नेमकं नाव बघण्यापुरती नावांची एक ओळ पडद्यावर येणार होती, तेवढं मी प्रामाणिकपणे सांगितलं. काकांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"झालं का?"

"झालं. वळा."

पेटी पुन्हा सुरू केली. पडद्यावर दोन ओळी आल्या, वर शुभा, खाली विंडोज. त्यांच्या खाली आकडा उलटा मोजू लागला: पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. मी कपाळावर हात मारला. लिलोत वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात लिहितात, तिथे पन्नास म्हणजे पाच सेकंद. ग्रबमध्ये सरळ सेकंद. वर्षानुवर्षांच्या सवयीनं माझ्या बोटांनी पन्नास लिहून टाकलं होतं. दुसरी एखादी शिकवणारी अशी चूक करती तर मी तिला चार बोल ऐकवले असते.

"चुकलं काका. थांबा, कमी करते."

"राहू द्या," काका म्हणाले.

ते पडद्याकडे बघत होते. चाळीस. पस्तीस. त्यांनी चष्मा नीट केला. डाव्या हातानं उजवा हात उचलला, कीबोर्डवर ठेवला. तरी सव्वीस उरले होते. "दोघाइचं नाव एका पाटीवर," ते म्हणाले. काकूंना हाक मारली. काकू कणकेचे हात घेऊन आल्या आणि बघून गेल्या. अकरावर काकांनी खाली जायचं बटण दाबलं, मग एन्टर, आणि विंडोज उघडलं. पहिल्याच फेरीत. मी त्यांना नोटपॅडमध्ये तो आकडा कसा बदलायचा ते शिकवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. बदलला कधीच नाही. सकाळी पन्नासपासून अकरापर्यंत बसायचे, हे काकूंकडून कळायचं.

त्यानंतर त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं, कारण अडचण उरली नव्हती. मी कधीमधी जायची. अशीच एकदा, हिवाळा सरत आला होता तेव्हा, काकूंचा डबा परत द्यायला दुपारी गेले. काका पेटीसमोर बसले होते. अंगात नवा इस्त्रीचा सदरा, केस तेल लावून चापून बसवलेले. कीबोर्डच्या शेजारी शेवयांच्या खिरीची वाटी, वर साय धरलेली. पडद्यावर शुभाचं दार. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ती एक ओळ, आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ.

मला वाटलं, पन्नासही कमी पडायला लागले. "काका, चुकून गेलं का? दाबू का तीन बटणं?" म्हणत मी हात पुढे केला.

त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला सारला. हळूच. "राहू द्या. आज बसू द्या."

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी मला मानेनंच नको म्हणून खुणावलं. मी डबा ठेवला आणि निघाले. म्हातारपण, असं मनात म्हटलं. त्यापुढे मी विचार केला नाही. त्या वेळी विचार केला असता, खणातला कागद काढला असता, तर काय झालं असतं, हे मी आता सांगू शकत नाही. पण मी तो काढला नाही, आणि याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

दोन हजार आठच्या मे महिन्यात काका गेले. दुसरा झटका आला, दवाखान्यात दोन दिवस होते. मी गेले होते. पांढऱ्या चादरीवर तो उजवा हात पडला होता, आता दोन्ही हात सारखेच दिसत होते. बाजारातली अर्धी दुकानं बंद होती, भाजीवाले शेतकरी पार जाम-समुद्रपूरकडून आले होते. बायका रडत होत्या. मी त्यांच्यात बसले, मला काही आलं नाही. घरी येऊन संध्याकाळचा क्लास घेतला.

शुभदा दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. आठेक दिवसांनी ती माझ्याकडे आली. तिशीच्या आतबाहेरची, काकांचंच कपाळ, तशीच चष्मा कुर्त्याच्या टोकाला पुसायची सवय. म्हणाली, "मॅडम, माझा तो जुना कॉम्प्युटर सुरू करायचाय. तुम्ही सोबत याल? एकटीनं नको वाटतंय."

पेटीवर काकूंनी विणलेला रुमाल होता, तो तिनं घडी घालून ठेवला. बटण दाबलं. दोन नावं आली आणि आकडा मोजू लागला.

"पन्नास? हे कुणी लिहिलं?"

"मी. चुकून."

तिनं कुठलंच बटण दाबलं नाही. आम्ही दोघी शेवटपर्यंत बसलो. शून्य झालं, शुभा सुरू झालं, ओळींमागून ओळी वर सरकल्या आणि तिचं दार आलं. ती कीबोर्डवर हात ठेवून थांबली.

"मॅडम, बाबांनी हे कधी उघडलं होतं का?"

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी तिला वांग्याची वही सांगितली, चौकोन सांगितला, भिंतीकडे फिरवलेली खुर्ची सांगितली. ती ऐकत होती, पण तिनं मानही हलवली नाही. तीनदा नाही ऐकून घेतलेली मुलगी ती. माझ्या नाहीवर तिनं विश्वास का ठेवावा?

तिनं पासवर्ड टाइप केला. नऊ वर्षांनी, एका झटक्यात, न चुकता. मग एक आज्ञा दिली. ही पेटी केव्हा केव्हा सुरू झाली, कोण कोण आत आलं, किती वेळ सुरू होतं, सगळ्याची नोंद लिनक्स आपणहून ठेवतं, आणि कुणी सिंगलनं शिरलं असेल तर तेही त्यात येतं. काकांना ही नोंद माहीत नव्हती. मी त्यांना ते कधी शिकवलंच नव्हतं.

यादी नव्याकडून जुन्याकडे जाते. सगळ्यात वर आताचं तिचं नाव. त्याखाली पेटी सुरू झाल्याची एक ओळ, याच वर्षाची. तिच्याखाली गेल्या वर्षाची एक. मग त्याआधीच्या वर्षाची एक. वर्षाला एकच ओळ, अशा पाच. शुभदानं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेका तारखेवरून खाली आणलं. तारीख पाचही ओळींत तीच होती.

"माझा वाढदिवस," ती म्हणाली.

त्याखाली मात्र ओळींची नुसती गर्दी. एकेका दिवशी चार-चार, पाच-पाच, प्रत्येक मिनिट-दोन मिनिटांची. तिचं कारण मला सांगता आलं. "हात वेळेवर यायचा नाही त्यांचा. तुझ्याकडे यायचे आणि लगेच मागे फिरायचे." ती सावकाश खाली जात राहिली, पानांमागून पानं. सिंगल कुठेही नव्हतं. आत आलेलं कुणाचं नाव कुठेही नव्हतं. अगदी तळाशी नव्व्याण्णव सालातलं तिचं स्वतःचं, पुण्याला निघाली त्याच्या आदल्या दिवसाचं.

"आत आहे तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट."

ती परत वर आली, त्या पाच ओळींपाशी. शेवटी किती वेळ ते लिहिलेलं असतं. तीन तास. साडेतीन. तीन. चार. आणि यंदाचे सहा.

"सहा तास," शुभदा म्हणाली. "पासवर्ड माहीत नाही, उघडायचं नाही. मग सहा तास बाबा इथे करत काय होते?"

मला तो हिवाळा आठवला. यंदाचं मी पाहिलं नव्हतं, पण एका वर्षीचं पाहिलं होतं, तेवढं तिला सांगितलं.

"काही नाही. बसले होते. नवा सदरा घालून, खिरीची वाटी बाजूला ठेवून. दोन्ही हात मांडीवर होते."